दीडशे विक्र्यांचे विवरणपत्र: काळेवाडीकरांसाठी घरगुती पद्धत

काळेवाडी फाट्यावर कंपनीच्या बसमध्ये खिडकी मिळालेल्या माणसाने मोबाइलवर दोन शेअर घ्यावेत आणि चार दिवसांनी मोशीच्या आसपास, चाकण यायच्या आत, त्यातला एक विकावा, हे नैसर्गिक आहे. वर्षभरात अशा दीडशे विक्र्या झाल्या की घरच्यांना एकदा मिसळ खाऊ घालण्याइतका नफा होतो. प्रस्तुत पद्धत अशा उद्योगपतींसाठी.

उदाहरणाला 2024-25 हे वर्ष घेऊ, कारण त्याच्याइतके खोडकर वर्ष शोधून सापडणार नाही. ब्रोकरची नफा-तोट्याची फाइल, म्युच्युअल फंडांसाठी कॅम्स आणि केफिनटेकची पत्रके, आयकर खात्याचे एआयएस आणि चहा जवळ घ्यावा. आकडे जुळत नाहीत म्हणून कपाळाला हात लावू नये. अजून सुरुवातही झालेली नाही.

एसआयपीवाल्यांनी आधी पाणी प्यावे. प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी. मेव्हण्याच्या लग्नाला एकदाच पैसे काढले, तरी तीन वर्षांचे छत्तीस हप्ते छत्तीस ओळी होऊन उभे राहतात. आधी आलेला आधी जातो.

मग विक्र्यांची वाटणी करावी. वर्षाच्या आत विकलेले एकीकडे, त्यानंतरचे दुसरीकडे. पुन्हा दोन्हींची फाळणी 23 जुलै 2024 या तारखेवर: त्याआधी अल्पमुदतीला 15 टक्के आणि दीर्घमुदतीला 10, त्या दिवसापासून 20 आणि साडेबारा. सकाळी घेऊन दुपारी विकलेले असतील तर अभिनंदन. कायद्याच्या लेखी तो सट्ट्याचा व्यवसाय. आपण व्यावसायिक झालात, आयटीआर-3 कडे वळावे.

इथे खरी गंमत आहे. बसमधल्या दीडशे उड्यांची नुसती बेरीज लिहिली की भागते. उलट बापाने 31 जानेवारी 2018 पर्यंत घेऊन ट्रंकेत ठेवलेला शेअर पोराने विकला, की परिशिष्ट 112ए मध्ये त्याला स्वतंत्र ओळ, नाव, आयएसआयएन, खरेदीची किंमत आणि 31 जानेवारी 2018 या दिवशीचा बाजारातला सर्वोच्च भाव, एवढा सरंजाम लागतो. धीर धरणाऱ्याला रकाने जास्त. त्या तारखेनंतरच्या दीर्घमुदतीच्या खरेदीला एकत्र नोंद चालते. तिथे आयएसआयएनच्या जागी ‘आयएन नॉट रिक्वायर्ड’ असे, इंग्रजीतला शेवटचा ‘ई’ गिळून लिहावे. शुद्धलेखन सुधारायला जाऊ नये. आयएसआयएनला अक्षरे बाराच.

त्यानंतर नफा कोणत्या तारखांच्या दरम्यान झाला, तेही पाच तुकड्यांत सांगावे. तोटा असल्यास लाजू नये: मुदतीत भरले तर तो आठ वर्षे पुढे नेता येतो. आपल्याकडे इतकी वर्षे टिकणारी दुसरी वस्तू क्वचितच असेल.

शेवटी दीर्घमुदतीच्या नफ्यावरचा कर बघावा. सव्वा लाखापर्यंत तो शून्य. तीन रविवार गेले, ते वेगळे.

आता फक्त तीस दिवसांच्या आत पडताळणी. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येईल. तो पंधरा मिनिटेच चालतो. मोबाइल गावी वडिलांकडे असतो, आणि वडील रानात गेलेले असतात.