घंटा पुन्हा एकदम कधी वाजणार?

दिलेल्या सर्व संख्यांनी निःशेष भाग जाणारी सर्वांत लहान संख्या म्हणजे त्यांचा लघुतम साधारण विभाज्य, अर्थात लसावि. भाग तर शून्यालाही सगळ्यांनी जातो. पण ते उत्तर धरले असते तर शाळेतला आख्खा धडा उडाला असता. म्हणून शून्य वर्ज्य.

लसाविचा मुक्काम मुख्यतः घंटांच्या उदाहरणात असतो. तीन घंटा अनुक्रमे 8, 12 आणि 18 मिनिटांनी वाजतात. सकाळी 8 वाजता एकदम वाजल्या, तर पुन्हा एकदम कधी वाजतील? एकाच आवारात असल्या घंटा कोणी बसवल्या, हे विचारण्याला गुण नाहीत. मूळ अवयव पाडून प्रत्येकाचा सर्वांत मोठा घात तेवढा ठेवायचा. पंगतीसाठी शेजाऱ्यांकडून पातेली आणताना सर्वांत मोठे घेऊन बाकीची परत करतात, तसे. 8 कडून 2 चा घन मिळतो, 18 कडून 3 चा वर्ग. 12 नुसती हजेरी लावून जातो. उत्तर 72 मिनिटे, म्हणजे 9 वाजून 12 मिनिटे. उभ्या मांडणीतही हेच येते. मात्र शेवटच्या ओळीतल्या संख्या गुणायला विसरण्याची जुनी परंपरा आहे.

दोन संख्यांच्या गुणाकाराला त्यांच्या मसाविने, म्हणजे महत्तम साधारण विभाजकाने, भागले की लसावि मिळतो. हे सूत्र इतके सोपे आहे की ते तीन संख्यांनाही लावले जाते. वरच्या घंटांचा गुणाकार 1728, मसावि 2, भागाकार 864. म्हणजे रात्रीचे 10 वाजून 24 मिनिटे. तेव्हाही घंटा एकदम वाजतातच, पण त्याआधी अकरा वेळा वाजून गेलेल्या असतात.

अपूर्णांकांच्या बेरजेसाठी छेदांचा लसावि काढण्याची रीत नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त दिली. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या शिव्याशापांना निदान पत्ता तरी आहे.

आकाशातही हा हिशेब चालतो. राशिचक्राच्या फेरीला गुरूला सुमारे 12 वर्षे लागतात, शनीला सुमारे 30. त्यांचा लसावि 60, आणि पंचांगातली संवत्सरेही 60च. खरे आकडे 11.86 आणि 29.46 आहेत, पूर्णांकांत फिरण्याचे बंधन ग्रहांनी मानलेले नाही.

अमेरिकेतले काही सिकाडा कीटक ते मानतात. काही टोळ्या 13 वर्षांनी जमिनीबाहेर येतात, काही 17 वर्षांनी. दोन्ही मूळ संख्या; सामाईक अवयव 1 सोडून काहीच नाही, म्हणून लसावि थेट गुणाकाराइतका, 221. अशा दोन टोळ्या 1803 मध्ये एकाच वर्षी निघाल्या होत्या, त्याच दोन त्यानंतर 2024 मध्ये. त्यांचा पुढचा योग 2245 चा.