मार्चअखेरचे सज्जन

मार्चचा शेवटचा आठवडा आला की भोसरी, सातपूर, वाळूजच्या छोट्या शेडमधले फोन वाजायला लागतात. एरवी यांचा फोन पलीकडे कुणी उचलत नाही. जूनमधलं बिल 'सिस्टमला चढलेलं नसतं', सप्टेंबरात सही करणारे साहेब रजेवर असतात, दिवाळीत 'दिवाळीनंतर बघू'. आणि आता कंपनीच्या अकाउंट्समधल्या मॅडम आपणहून बोलतात. "शेठ, उद्यम सर्टिफिकेट पाठवा ना. मायक्रो आहात की स्मॉल?" "तीनदा पाठवलंय, मॅडम." "परत पाठवा. आणि नोंद ट्रेडिंगमध्ये नाही ना, तेवढं सांगा. तशी असेल तर काही घाई नाही."

हा सगळा जिव्हाळा आयकर कायद्यातल्या कलम 43बी(एच)चा. 2023च्या अर्थसंकल्पात ते आलं आणि 2023-24च्या हिशेबापासून लागू झालं. सरकारदरबारी उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही, तर त्या वर्षी तो खर्च धरायचा नाही. लेखी करार असेल तर ठरलेली मुदत, पण जास्तीत जास्त 45 दिवस. करार नसेल तर 15. दहा लाख थकवले की कागदावरचा नफा दहा लाखांनी फुगतो आणि 25 टक्के दराने अडीच लाखांचा कर बसतो, सेस वेगळा. पुढे पैसे दिले की त्या वर्षी वजावट मिळते. पण उद्याच्या वजावटीसाठी आज कर भरणारा शेठ अजून जन्माला यायचाय. व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी मात्र या संरक्षणात बसत नाही, म्हणून मॅडमचा तो शेवटचा प्रश्न.

45 दिवसांची मुदत काही नवी नाही. ती सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या 2006च्या एमएसएमईडी कायद्यातच आहे. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. ऐकायला किती छान! पण हे व्याज मागणाऱ्याची पुढची ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये जाते, हे कायद्यात लिहायचं राहून गेलं. दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, तिने 90 दिवसांत निकाल द्यावा असंही लिहिलंय; अनुभव तिथे जाऊन आलेल्यालाच विचारा. 2019पासून कंपन्यांनी दर सहा महिन्यांनी एमएसएमई-1 फॉर्म भरून अशी थकबाकी कळवायची असते. त्यात उशिराचं कारण लिहायची सोय आहे. 'पैसे होते, द्यायचं मन नव्हतं' असं कुणी लिहिल्याचं ऐकिवात नाही.

मग सरकारने कराचा चिमटा काढला. 2024च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात केवढी बोंब! कापडाच्या धंद्यात तीन-तीन, चार-चार महिन्यांची उधारी चालते, तिथे 45 दिवस कसे जमणार? मुदतवाढीची निवेदनं निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, त्याने मे महिन्यात उच्च न्यायालयाची वाट दाखवली. कुठे पुरवठादारालाच 'तेवढी उद्यम नोंदणी सोडा' असा प्रेमळ सल्ला मिळाला. म्हणजे संरक्षण ज्याला दिलं, त्यानेच ते परत करायचं.

आता धुरळा बसलाय, कारण सीए मंडळींनी कलम नीट वाचलं. गंमत अशी की एप्रिलमधल्या बिलाचे पैसे 31 मार्चला दिले, तरी खर्च त्याच वर्षी पूर्ण धरला जातो. अकरा महिने समोरच्याला तंगवलं तरी आयकर खात्याची तक्रार नाही. कलमाचा धाक असतो तो वर्ष संपताना, थकबाकीच्या यादीत कोण राहिलं एवढ्यापुरता. कंपन्यांची उधारी एकादशीच्या उपवासासारखी झाली आहे: एक दिवस कडक आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट भरलेलं. छोटा कारखानदार मात्र वर्षभर कॅश क्रेडिटचं व्याज भरत बसतो. त्याला जीएसटीही महिन्याच्या महिन्याला भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत.

बरं, हा छोटा तरी किती छोटा? 1 एप्रिल 2025पासून लघुउद्योगाच्या उलाढालीची मर्यादा 50 कोटींवरून 100 कोटी झाली. 90 कोटींवाले शेठसुद्धा आता लहान आहेत.

पण सगळ्यात मोठ्या उधारखोराला या कलमाचा स्पर्शही होत नाही. सरकारी खात्याला आयकर नाही, महापालिकेचं बहुतेक उत्पन्न करमुक्त. खर्च नामंजूर करायची धमकी द्यायची कुणाला? 2025 साली महाराष्ट्रातले ठेकेदार थकलेल्या बिलांसाठी आंदोलन करत होते, थकबाकीचा आकडा हजारो कोटींत सांगत होते. त्यांना उत्तर काय, तर निधी आला की बघू. हेच वाक्य एखाद्या कंपनीच्या अकाउंट्समधून आलं असतं तर खर्च नामंजूर झाला असता. मंत्रालयातून आलं की ती वित्तीय शिस्त.

नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद घेतलेली आहे, तेव्हा पुढच्या मार्चमध्ये मॅडमचा फोन नक्की. छोट्यांनी तोवर एवढं करावं: बिलावर उद्यम क्रमांक छापावा, माल उतरवताना चलनावर तारखेसह सही घ्यावी, आणि ज्याचं पेमेंट जुलैमध्येही येतं त्याचं काम आधी मशीनला लावावं.