तात्यांचा बॅकअप

लाइट गेली की बाकीची माणसं वायरमनच्या नावानं बोटं मोडतात. तात्यांचा चेहरा उजळतो.

उमरग्यात गल्लीगणिक एक तात्या सापडतो. कुठं ते निवृत्त मास्तर असतात, कुठं खत-बियाणांचे दुकानदार, कुठं साखर कारखान्यातून बाहेर पडलेले फिटर. वय साठीच्या अल्याड-पल्याड, शर्टाच्या खिशात टेस्टर, गळ्यात मल्टिमीटर आणि तोंडी ‘समजा’. समजा लाइट गेली. समजा डीपी जळाला. समजा पंपावरचं पेट्रोल संपलं. ‘समजा लाइट गेलीच नाही तर?’ असं काकूंनी एकदा विचारलं. तात्या दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

या स्वभावाला हसण्याआधी त्याचा उगम बघावा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं उमरगा आणि औसा तालुक्यांतली गावंच्या गावं झोपेत गाडली. तात्या तेव्हा पंचविशीत. पुढं किती तरी रात्री माणसं घरात पाठ टेकायला धजली नाहीत, अंगणात झोपली. उशाशी टॉर्च ठेवायची तात्यांची सवय तेव्हाची. तिची थट्टा मी करत नाही. तिच्यावर पुढं जो इमला चढला त्याची करतो.

हा इमला चढला लोडशेडिंगच्या काळात. खेड्यापाड्यांत बारा-बारा तास लाइट नसायची तेव्हा तात्यांनी एक जुनं, छोटं जनरेटर पैदा केलं. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की खटका रॉकेलवर फिरवायचा. रेशनच्या निळ्या रॉकेलचा तो वास अजून काहीजणांच्या नाकात असेल. गल्लीचे मोबाइल तात्यांच्या ओट्यावर चार्जिंगला. 2011 च्या वर्ल्डकपची फायनलही गल्लीनं त्याच ओट्यासमोर बघितली, आणि धोनीच्या शेवटच्या षटकारात निम्मा वाटा आपल्या रॉकेलचा आहे, हे तात्यांचं मत आजही कायम आहे. तो त्यांचा सुवर्णकाळ.

मग घात झाला. लोडशेडिंग आटलं. लाइट यायची ती राहायलाच लागली. तात्या रोज संध्याकाळी ओट्यावर बसून खांबावरच्या दिव्याकडं बघायचे, तो आपला जळतोय. दुसऱ्या कुणी भजनी मंडळ धरलं असतं. तात्यांनी जुनी बोलेरो कॅम्पर घेतली. मागच्या हौद्यावर पाइपांचा सांगाडा, वर ताडपत्री, आत फळीचा पलंग, पंखा, दोन दिवे आणि फळीखाली दीडशे अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी. लाइट आपल्याला सोडून जात नाही ना, मग आपणच तिला सोडून जाऊ, असा हिशेब.

माळरानावर मुक्काम पडला की एकच कार्यक्रम. रात्रभर पंखा लावून बॅटरी उतरवायची आणि सकाळी जनरेटर लावून ती चढवायची. काकूंनी माळावरचा सूर्योदय बघायला बोलावलं तर तात्या म्हणणार, “थांब जरा, बारा पॉइंट दोनवर आलीय.” म्हणजे बॅटरी अर्धी उतरली.

या विषयात तात्यांना अडवू नये, कारण ते बहुतेक वेळा बरोबर असतात. नवखा माणूस जनरेटरवरच्या बारा व्होल्टच्या भोकातून थेट वायर ओढतो आणि अख्खं मशीन बॅटरीत ओततंय असं समजून निवांत झोपतो. तिथून मिळतात जेमतेम आठ अँपिअर. अर्धी बॅटरी भरायला नऊ-दहा तास मशीन फटफटत ठेवा. तात्या दोनशेतीसच्या सॉकेटला वेगळा चार्जर जोडतात आणि क्षमतेच्या दहा टक्के, म्हणजे पंधरा अँपिअर सोडतात. पण तिथंही शेवटचा पंधरा-वीस टक्क्यांचा भाग छळतो. बॅटरी पंगतीतल्या पाहुण्यासारखी, आधी भराभर ओढते आणि पोट भरत आलं की एकेक घास चिवडत बसते. तेवढ्यासाठी पेट्रोल जाळणं वेडेपणा, उरलेलं काम सोलर पॅनेलवर सोडावं, हे तात्याच सांगतात.

“मग पॅनेल का घेत नाही?” मी विचारलं. धाराशिव जिल्ह्यात उन्हाची काय वाण!

“आवाज येत नाही ओ त्याचा,” तात्या म्हणाले. “चालू हाय का बंद, शेजाऱ्याला कसं कळावं?”

एक मात्र मानावं लागेल. जनरेटर गाडीपासून चांगलं लांब, धूर वाऱ्याबरोबर पलीकडं जाईल असं ठेवतात. बंद जागेत मशीन लावून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, हे ते भेटेल त्याला बजावतात. बॅटरी भरताना तिच्याजवळ विडी ओढणाऱ्याला तर त्यांनी हौद्यातून खाली उतरवलं आहे, मग तो सख्खा मेव्हणा का असेना.

कोजागरीच्या आधी पायी तुळजापूरला जाणाऱ्यांच्या मागं तात्यांची कॅम्पर सोबतीची गाडी म्हणून जाते. येणेगूर, जळकोट, नळदुर्ग, मग तुळजापूर. कुणाच्या पायाला फोड आले तर त्याला बसवायला गाडी, असं बाकीच्यांना वाटतं. तात्यांच्या लेखी ते फिरतं वीज केंद्र. हौद्यात मोबाइलची रांग, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. वीस टक्क्यांच्या खाली असलेल्याला आधी. साठ टक्के घेऊन आलेल्या एका पोराला सगळ्यांदेखत परत पाठवलं.

यंदा जळकोटच्या अलीकडं एका धाब्यावर मंडळी टेकली. धाब्यावर लाइट होती, भिंतीला सॉकेट होते. बघता बघता सगळे मोबाइल हौद्यातून भिंतीकडं गेले. तात्या खाटेवर तोंड फिरवून बसले. पिठलं-भाकरीची ऑर्डर गेली आणि तेवढ्यात, देवीची कृपा म्हणा, लांब कुठंतरी फाट्ट असा आवाज होऊन अंधार झाला.

“डीपी गेला!” तात्या ओरडले. इतक्या आनंदानं नातू झाल्याची बातमीसुद्धा त्यांनी दिली नव्हती.

दोन मिनिटांत चोक ओढला, दोरी ओढली, मशीन फटफटलं. धाब्यापर्यंत वायर गेली. “सातशे वॅट हाय सगळं मिळून. तीनशे चार्जरला. दिवे लावा, मोबाइल लावा, दुसरं काय लावू नका.” दिवे लागले. धाबेवाल्यानं चहा फुकट सांगितला. रस्त्यानं जाणारी दुसरी एक दिंडी उजेड बघून थांबली. तात्या वायरीशेजारी खुर्ची टाकून, मांडीवर मल्टिमीटर घेऊन बसले.

आणि मशीन गुदमरलं. एकदा हुंदका दिल्यासारखं झालं नि गप्प. पुन्हा अंधार.

“काय लावलंव? कुणी लावलंव?”

“मी,” स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. “मिक्सर. शेंगदाण्याची चटणी करलालाव.”

घरच्या इन्व्हर्टरवर मिक्सर लावायला काकूंना लग्नाच्या चांदीच्या वाढदिवसालाही परवानगी मिळाली नव्हती. सगळी दिंडी आता तात्या काय बोलतात ते ऐकायला थांबली. तात्या टॉर्च घेऊन आत गेले, मिक्सर उचलून उलटा केला आणि तळाचा स्टिकर वाचला.

“साडेसातशे,” ते म्हणाले. “तरीच.”

मग खिशातली वही काढून, टॉर्च दातांत धरून, त्यांनी तिथंच उभ्यानं लिहिलं : दिवाळीत दोन केव्हीएचं बघणे.