पापण्या जड होत आहेत

साताऱ्यात राहून कंदी पेढा सोडायचा म्हणजे पंढरपुरात राहून विठ्ठलाशी अबोला धरायचा. डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट समोर सरकवून ‘पेढे बंद’ म्हटलं, तेव्हा मी मान हलवली. मान हलवण्यात आम्ही पटाईत. पण राजवाड्याकडे गेलं की भाजक्या खव्याचा तो खरपूस वास नाकात शिरतो आणि तीच मान आपसूक दुकानाकडे वळते. बायकोने ही कर्मकथा माहेरी, सांगलीला कळवली. सांगलीला दुखणं कळवलं की उपाय निघतोच. शेजारी मिरज असल्यामुळे तिथल्या प्रत्येक माणसाच्या ओळखीत निदान दोन डॉक्टर असतात.

“दाजी, औषधं चालू राहू देत,” मेहुणा फोनवर म्हणाला, “पण विश्रामबागेत एक जण संमोहन करतोय. आमच्या शेजारच्या मास्तरांची गेलेली झोप परत आणली त्यानं. तुमचा पेढा काय घेऊन बसलाय!”

संमोहन हा शब्द ऐकताच आमच्या खालच्या काकूंनी आवाज खाली आणून विचारलं, “वशीकरण का हो?” काकूंचा दोष नाही. एसटी स्टँडवर चिकटवलेल्या कागदांनी या विद्येचा अभ्यासक्रमच ठरवून टाकलाय : सवत, शत्रू आणि अडकलेली नोकरी. पण सातारा हे अंधश्रद्धेशी लढलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं गाव आहे. निखाऱ्यांवरून चालून दाखवायचं आणि मग त्यात चमत्कार कसा नाही हे समजावून सांगायचं, असले कार्यक्रम बघत आम्ही मोठे झालो. तेव्हा नीट चौकशी केल्याशिवाय कोणापुढे डोळे मिटणं बरं दिसलं नसतं.

चौकशीत पहिला भेटला तो मेस्मर. व्हिएन्नाचा हा डॉक्टर पॅरिसात येऊन ‘प्राणिज चुंबकत्वा’ने माणसं बरी करायचा. अंगातून कसलासा प्रवाह सोडतो म्हणे. 1784 साली राजाने चौकशी समिती नेमली, तीत बेंजामिन फ्रँकलिन. त्यांनी बागेतलं जर्दाळूचं एक झाड ‘भारून’ घेतलं आणि डोळे बांधलेल्या एका पोराला एकेका झाडापाशी नेलं. पोरगं चौथ्या झाडाशी बेशुद्ध पडलं. भारलेलं झाड होतं भलतीकडेच! समितीने निकाल दिला की प्रवाह वगैरे काही नाही, सगळा कल्पनेचा खेळ. माझ्या मते इथे समितीने घाई केली. नुसत्या कल्पनेने धडधाकट पोरगं आडवं होतं, हीच तर खरी बातमी होती.

ती बातमी ओळखली आपल्या शेजारच्याने. गोव्यात कांदोळीला 1756 साली जन्मलेला आबे फारिया पॅरिसात लोकांना खुर्चीत बसवायचा आणि ‘झोपा!’ असा हुकूम सोडायचा. लोक झोपायचे. वर हा सांगायचा की माझ्यात काही शक्ती नाही, जे घडतं ते तुमच्याच मनात घडतं. स्वतःच्या धंद्याबद्दल इतकं खरं बोलणारा माणूस श्रीमंत होत नाही. हाही झाला नाही. 1819 साली गेला. पणजीत त्याचा पुतळा आहे, हात पसरून एका बाईवर झुकलेला. पर्यटक त्याच्यापुढे फोटो काढतात आणि हा कोण मांत्रिक, असं विचारतात. नुसत्या शब्दाने माणूस कसा हलतो, याची त्याची स्वतःचीच एक गोष्ट सांगतात. तरुणपणी पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचनाला उभा राहिला आणि पार गारठला. बाप खालून कोकणीत पुटपुटला, ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी! पोरगं सुटलं ते थांबेना.

पुढे मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या सर्जनने या विद्येला आजचं इंग्रजी नाव दिलं आणि 1843 साली त्यावर पुस्तक काढलं. नेमक्या त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, आणि समोर लुगडं नेसून उभा असलेला पुरुष ही जनककन्या आहे हे अख्ख्या दरबाराने मान्य केलं. ब्रेडला एकेक रोगी धरावा लागत होता. भाव्यांनी काम घाऊक केलं.

आजचे डॉक्टर म्हणतात, वेदना, भीती, चिडकं आतडं यांवर संमोहनाचा उपयोग होतो. सिगारेट सुटते का, याचा पुरावा तोकडा. काही माणसं चटकन गुंगतात, काही मुळीच नाहीत. पेढ्याबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नाही. म्हणून गेलो.

खोलीत पडदे ओढलेले, एक आरामखुर्ची, त्यात मी. सोबत म्हणून कोपऱ्यातल्या स्टुलावर मेहुणा. संमोहनतज्ज्ञाचा आवाज साखरेच्या पाकासारखा, म्हणजे माझ्या आजाराला अगदीच अपायकारक. “पापण्या जड होत आहेत...” पण वरच्या पंख्याचं एक पातं वाकडं होतं आणि फेरीगणिक ‘टक्’ करत होतं. मी ते टक् मोजत राहिलो.

“तुम्ही नदीकाठी बसला आहात. पाणी हळूहळू वर येतंय... पावलांपाशी आलं... आता घोट्यापर्यंत...”

“किती फूट?” कोपऱ्यातून आवाज आला.

मी एक डोळा किलकिला केला. मेहुण्याचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले, कपाळावर घाम. सांगलीच्या माणसाला नदी वर येते म्हटलं की पुराचं पाणी मोजायचा आयर्विन पूल दिसतो. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांवर गेलं होतं. मेहुण्याच्या दिवाणखान्यात त्याची रेघ अजून आहे, रंगाचे दोन हात देऊनही.

तज्ज्ञही जन्माने सांगलीच्याच गावभागातला. आवाजाची लय किंचितही न मोडता तो म्हणाला, “बावीस... आणि उतरतंय... कोयना धरणाचे दरवाजे सातारकरांनी बंद केलेत...”

मेहुण्याने दीर्घ सुस्कारा सोडला आणि त्याची मान छातीवर पडली. बंद दरवाजांचं श्रेय मला मिळालं, म्हणून मीही गप्प राहिलो.

“आता तुमच्यासमोर पेढा आहे. तो तोंडात टाकताच चुन्यासारखा लागतोय...” माझ्या मनात आलं, दुकान चुकलं असणार.

पुढच्या खेपेला नेहमीसारखा अर्धा किलोचा खोका सांगलीला नेला. मेहुणा म्हणजे एका बैठकीत चार फस्त करणारा गडी. त्याने एक उचलला, टोक चावलं आणि ताटलीत परत ठेवला. “दाजी, राग मानू नका, पण चुना लागतोय हो.” सासूबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मला मात्र जर्दाळूच्या बागेतलं ते पोरगं आठवलं. मंतरलं एक झाड, आणि पडायचं भलत्याच झाडाखाली.

बाकीचा खोका कोणीतरी संपवायला हवाच होता.

बायकोने यातून तोडगा काढलाय : पुढल्या वेळी खुर्चीत मेहुणा बसेल आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर मी. मेहुणाही तयार आहे. फक्त मागची फी मी भरली आणि गुण त्याला आला, तेव्हा या वेळची कोणी भरायची, यावर बोलणी अडली आहेत.