एका घसरणीला किती?

मागच्या शनिवारी, म्हणजे ऐन जुलैत, पहाटे पावणेचारला फोन वाजला. भारतातून काही बरंवाईट तर नाही ना, म्हणून बायको दचकून उठून बसली. पलीकडून आवाज आला, "उठलास का? आभाळ स्वच्छ आहे, रांग नसणार. आज घसरण सात डॉलरला पडतेय!"

"बर्फ्याभावजी," बायको म्हणाली आणि पुन्हा आडवी झाली.

असा एक तुमच्याकडेही असेल. तुमचा कदाचित दिवाळीत हापूस शोधत असेल. आमचा उन्हाळ्यात बर्फ शोधतो, आणि तोही स्वस्त.

आम्ही ऑरेगॉनात, पोर्टलंडजवळ राहतो. दीडेक तासावर माउंट हूड आहे, उंची सुमारे 3,400 मीटर. त्याच्या अंगाखांद्यावर टिंबरलाइन नावाचं ठिकाण आहे. खाली शहरात लोक उकाड्याने हैराण असतात, तेव्हा वर पामरच्या उतारावर पोरं स्की आणि स्नोबोर्ड घेऊन उड्या मारत असतात. तिथलं लॉज महामंदीच्या काळात बेकारांच्या हाताला काम म्हणून बांधलेलं; 1937 साली खुद्द रूझवेल्ट उद्घाटनाला आले होते. 'द शायनिंग' सिनेमातलं भुताटकीचं हॉटेल बाहेरून दिसतं ते हेच. मी मोठ्या उत्साहाने हा इतिहास बर्फ्याला ऐकवला. त्याने शांतपणे विचारलं, "आत कॉफी कितीला आहे?" मी सांगितलं. "म्हणजे पाऊण घसरण गेली," तो म्हणाला आणि पाठपिशवीतून थर्मास काढला.

घसरण हे त्याचं चलन आहे. दिवसभराचं तिकीट, पेट्रोल आणि डब्यातली गूळपोळी यांची बेरीज करायची आणि डोंगरावरून जितक्या वेळा खाली आलो त्याने भागायचं. येईल ती घसरणीची किंमत. पुढे सगळं जगच तो याच मापाने मोजू लागला. न्हाव्याकडे जाणं म्हणजे चार घसरणी. माझ्या नव्या सोफ्याकडे बघून तो हळहळला, "दोनशे घसरणींवर बसलायस रे." माझ्या मुलीच्या वाढदिवसाला त्याने पाकिटात चिठ्ठी घातली होती: 'अक्षरी घसरणी दोन फक्त.' खाली सही.

त्याची एक वही आहे. तीत पृथ्वीवरचा सगळा उन्हाळी बर्फ भावासकट नोंदलेला आहे. स्वित्झर्लंडातलं झरमॅट: 3,883 मीटरपर्यंत केबलकार, बाराही महिने बर्फ, शेरा, 'नुसतं वर बघायलाही घसरण लागते.' ऑस्ट्रियातलं हिंटरटुक्स: वर्षाचे 365 दिवस चालू, शेरा, 'विचार करता येईल.' इटलीतल्या स्टेल्व्हियो घाटावर त्याचा विशेष जीव. तिथला रस्ताच हिवाळ्यात बर्फाखाली जातो, म्हणून हिवाळ्यात स्की बंद आणि उन्हाळ्यात चालू. "बर्फ फार झाला म्हणून बंद राहणारं स्कीचं दुकान!" तो डोळे मिटून म्हणतो. "मालक माझ्यासारखाच असणार."

त्यापेक्षा सरळ दक्षिण गोलार्धात का जात नाहीस, असं मी एकदा विचारून बसलो. चिलीत पोर्तिलोला 1966 ची जागतिक स्पर्धा भर ऑगस्टात झाली होती. न्यूझीलंडात तर हौशी सभासदांनी चालवलेले साधे क्लब आहेत; दोराला चिमटा लावून माणूस वर ओढला जातो. "पण जुलैत तिथे हिवाळाच असतो," बर्फ्या दुखावून म्हणाला. "हिवाळ्यात बर्फ काय, कुणालाही सापडतो!" मग दुबईच्या मॉलमधला? 2005 पासून आहे की. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू पुरणपोळीवर डालडा वाढला. तरीही पुढच्या आठवड्यात त्याने न्यूझीलंडचा हिशेब मांडलाच. विमानभाडं भागून परवडायला रोज चाळीस घसरणी, सलग आठ दिवस. गुडघ्यांचा खर्च त्यात धरला नव्हता. गुडघ्यांसाठी त्याची वेगळी वही आहे.

तर शनिवारी गेलो. पामरवर पहाटे यंत्राने बर्फ सारखा करून मीठ टाकतात, म्हणजे तो घट्ट राहतो. बर्फ्या जळगावचा. मीठ टाकलेल्या बर्फाशी त्याची ओळख गच्चीवरच्या आइसक्रीमच्या पॉटमधली. "तेच शास्त्र," तो दर वेळी सांगतो. "फक्त इथे हँडल फिरवावं लागत नाही." आणि दर वेळी एकटाच हसतो.

लिफ्टच्या खुर्चीत मधे माझी मुलगी, दोन्हीकडे आम्ही. तिने सहज विचारलं, "काका, तुम्ही पहिल्यांदा स्की कधी केलं?"

"केलं नाही," तो म्हणाला. मग काही वेळ खाली बघत राहिला. "मेच्या सुट्टीत मनालीला गेलो होतो. रोहतांगला. भाड्याचे गमबूट, भाड्याचा केसाळ कोट. तिथे एक जण स्की घेऊन उभा होता. बाबांनी विचारलं, एका घसरणीला किती? त्याने सांगितलं. बाबांनी पाकिटात बघितलं आणि म्हणाले, एकीचे आहेत. मग ताई घसरली. मी तिचा कोट धरून उभा होतो."

मी गेली सात वर्षं या माणसाच्या कंजूषपणाची टिंगल करत आलोय. त्या खुर्चीत मला नीट बसवेना.

खाली बर्फाचा पट्टा दिसत होता, दोन्ही बाजूंनी काळा दगड वर आलेला. पूर्वी याला हिमनदी म्हणायचे, आता डोंगरावरचे लोक नुसतं हिमक्षेत्र म्हणतात. हुद्दा घटलाय. कॅनडात व्हिस्लरच्या हिमनदीवरची उन्हाळी स्की बंद झाली. फ्रान्समधलं तीन्य एके काळी 365 दिवसांची ऐट मिरवायचं, आता तिथला उन्हाळी हंगाम सुरू होतो न होतो तोच आटोपतो. बर्फ्याच्या वहीत अशा नावांवर लाल रेघ असते.

"तिकीट महाग होतंय, ते चालेल रे," तो म्हणाला. "वरचा आकडा कितीही वाढू दे. माझी भीती खालच्या आकड्याची आहे. दर वर्षी भाजक घटतोय. तो शून्यावर आला की?" मग स्वतःच म्हणाला, "गणिताचे सर सांगायचे, शून्याने भागायचं नाही."

दुपारी एकला बर्फ लापशीसारखा झाला. माझे पाय थरथरत होते. मी म्हटलं, पुरे आता, पंधरा झाल्या. मुलगीही दमली होती, पण बर्फ्याने तिचा हातमोजा घट्ट केला आणि तिला लिफ्टकडे वळवलं.

"चल, अजून एक," तो म्हणाला. "भाजक वाढव."