जिनवाले भाऊ

समुद्रपूर तालुक्यातल्या कोणत्याही जिनवाल्या भाऊंना ‘सीईओ’ म्हणून हाक मारा, ते मागं वळून बघतील, नागपूरहून कोणी साहेब आला की काय म्हणून.

भाऊंना केबिन आहे, तिला एसी आहे. त्या गारव्यात सरकीच्या नमुन्यांच्या पिशव्या बसतात. भाऊ बाहेर, काट्याजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत. गाडी काट्यावर चढली की उठायचं, मूठभर कापूस ओढायचा, सरकी सोलून पुंजका दोन्ही अंगठ्यांत ताणायचा, मग सरकी दाताखाली धरायची. कट्ट वाजलं की निकाल : “नऊ.” त्यानंतर पोरगा मॉइश्चर मीटर खुपसतो. एकदा मीटरनं बारा दाखवलं. भाऊंनी मीटर दुरुस्तीला पाठवलं.

क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई निघते. हा उतारा अर्धा किलो घसरला तर भाऊंना घास उतरत नाही.

पुण्याहून एमबीए होऊन आलेल्या पुतण्यानं भिंतीवर मोठा स्क्रीन लावून आवक-जावकेचे आलेख दाखवले. भाऊ म्हणाले, “मले खिडकीतून ढीग दिसून रायला, मंग ग्राफ कायले पाहू?” आता त्यावर वायद्याचे भाव चालतात, आणि भारताची मॅच.

कामं सोपवायची भाऊंना भारी हौस. मॅनेजरला सांगतात, “आता सारं तूच पाय, मी लक्षच घालत नाई.” आणि रात्री साडेअकराला फोन : “लाइन हाय ना? पाण्याचे ड्रम भरले का?” यातलं ड्रमचं मात्र खरं आहे. कापसातून एखादा खडा, लोखंडाचा तुकडा मशीनमध्ये गेला नि ठिणगी पडली, की हंगाम तासाभरात संपतो. पण हा फोन तिरुपतीच्या रांगेतूनही? वहिनी म्हणतात, “बालाजीलेही यायनं उताराच मांगला असन.”

केबिनमध्ये गांधीजींशेजारी वर्ध्याच्या जमनालालजी बजाजांची तसबीर आहे. तेही कापसाच्याच पेढीवरचे. “थे खरे शेठ,” म्हणताना भाऊ नकळत टोपी सारखी करतात.

आणि चुकारा. एका हंगामात गिरणीकडचे पैसे अडकले. भाऊंनी सरकी पडेल भावानं काढली, पण शेतकऱ्याचा चुकारा उद्यावर ढकलला नाही. पुतण्यानं तोटा पैशापैशानं मांडून दाखवला.

“हिशेब बरोबर हाय तुहा,” भाऊ म्हणाले. “पण पुढच्या साली कास्तकाराची गाडी जामच्या चौकातून हिंगणघाटच्या जिनाकडे वळली, तर थे कोन्त्या खान्यात लिवशीन?”

पुतण्यानं त्या दिवशी लॅपटॉप लवकर मिटला.

खरेदीच्या मुहूर्ताला काट्याची पूजा होते, पहिल्या गाडीवाल्याला शेला-नारळ मिळतो, पाहुणे लांबलचक बोलतात. दरवर्षीच्या फोटोत सगळे असतात, भाऊ नसतात. नीट पाहिलं तर टेबलाखाली त्यांची पाठ दिसते. मंडपात उडालेले पुंजके वेचत असतात. पुतण्याला वेबसाइटसाठी त्यांचा एक धड फोटो अजून मिळालेला नाही.