उसन्याचं खातं

भिसेगावात आळीगणिक एक तरी आजी अशी सापडतेच, जिच्या घरातली कुठलीच वस्तू घरच्यांच्या मालकीची नसते. तिच्या समाजकार्याला ट्रस्ट नाही, पावतीपुस्तक नाही, दारावर फलक नाही. कार्यकर्ते मात्र रग्गड, आणि सगळे सक्तीच्या भरतीतले. आमच्या आजीच्या खात्यात मी चौथीत असतानाच रुजू झालो. हुद्दा : हमाल.

आमचं घर कर्जत स्टेशनाच्या भिसेगाव अंगाला. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या मागून बँकर इंजिन लावायला इथे थांबतात. तेवढ्या वेळात बाकीचं जग बटाटावडा खातं. आजीच्या लेखी मात्र ती रेल्वेने खास तिच्यासाठी चालवलेली फुकटची पार्सलसेवा होती. खिडकीतला एखादा गरीब चेहऱ्याचा माणूस हेरायचा, त्याच्या मांडीवर डबा ठेवायचा आणि मग विचारायचं, “पुण्यालाच उतरताय ना? भाची ससूनमध्ये आहे. तिचा मुलगा येईल फलाटावर. आडवा धरू नका, आमटी आहे.” डबा पोचायचा. एवढंच नाही, रिकामा डबा परतही यायचा, तोही दुसऱ्याच कुणा अनोळखी माणसाच्या हाती. आजोबांचं या संसारातलं काम बँकरसारखंच होतं : सगळा घाट मागून ढकलत चढायचा आणि लोणावळा आलं की गुपचूप सुटून माघारी यायचं. आजीला नारळ आणि शाल मिळाली त्या हळदीकुंकवाला खुर्च्या त्यांनीच मांडल्या होत्या.

“विटकं आपण नेसावं, धड ते द्यावं,” असा आजीचा कायदा. धड साड्या अर्थातच आईच्या. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला, तेव्हा जो तो कपड्यांची गाठोडी बांधत होता. आजीने तेव्हा ऐंशी ओलांडलेली. तिने एकच विचारलं, “अंगावर घालतील, पण भात कशात शिजवतील?” आणि स्वयंपाकघरात शिरली. संध्याकाळी आईला चहाला पातेलं सापडेना.

पण आजीचा खरा व्यवहार उसनवारीचा. वाडीवरच्या ठाकूर-कातकऱ्यांच्या घरातलं धान्य आषाढाच्या आत संपतं. मग खावटी काढायची आणि ती फेडता फेडता वर्ष घालवायचं, हे या भागाचं जुनं दुखणं. भाई कोतवालांनी आमच्या कर्जत तालुक्यात धान्यकोठ्या उघडल्या त्या यासाठीच. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर ते इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. आजीने त्यांना पाहिलेलं नव्हतं, वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. तेवढ्या भांडवलावर तिने माजघरात तांदळाचा एक पिंप वेगळा ठेवला आणि त्याला घरच्यांनी हात लावायचा नाही, असं फर्मान काढलं.

त्यातून फुकट मूठभरही मिळायचं नाही. ‘वाडी, एक पायली, उसने’ अशी नोंद कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी. एका महिन्यात बाबांनी वाडीच्या तांदळाचे पैसे गवळ्याला चुकते केले. गवळ्यानेही शंका काढली नाही.

फेड यायची ती रानातून. पावसाच्या तोंडावर शेवळं, पुढे कुरडू, भारंगी, करटुली. आजी ओट्यावर बसून एकेक जुडी हातात तोलायची, “जून आहेत गो यंदा,” म्हणून नाक मुरडायची, पुरती घासाघीस करायची आणि शेवटी दोन जुड्यांत पायली वळती करून घ्यायची. असल्या हिशेबावर एखादी पतपेढी महिन्याभरात बुडाली असती.

वसुली खायची आम्ही. शेवळं म्हणजे सोपं प्रकरण नव्हे. पाती सोलायची, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायची आणि काकडं ठेचून त्यांचा रस घालायचा. रस कमी पडला की घसा खवखवलाच. जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरातून खाकरण्याचे असे आवाज यायचे की शेजारी काढा पाठवायचे. “कर्ज वाडीवर,” आजोबा घसा धरून म्हणायचे, “आणि पकडतात जामीनदाराला!” आजी त्यांच्या पानात आणखी एक डाव वाढायची.

आजोबांमागून काही वर्षांनी, मेअखेरीस आजी गेली. तेरावं उरकतंय तोच मागच्या आषाढातली एक बाई दारात उभी राहिली, शेवळांच्या जुड्या घेऊन. आई म्हणाली, “राहू दे गो. आता कसलं उसनं?”

बाई तडकली. “मग पुढल्या पावसाला कुठल्या तोंडानं येऊ?”

शेवळांच्या नावाने जन्मभर बोटं मोडणाऱ्या आईने खिळ्यावरचं कालनिर्णय उतरवलं, मला पेन्सील आणायला पिटाळलं आणि ओट्यावर बसून एक जुडी हातात तोलली.

“जून आहेत,” ती म्हणाली. “दोनात नाही व्हायची पायली. तिसरी काढ.”

बाबा न बोलता पिशवी घेऊन काकडं आणायला बाजारात निघाले.